एका विद्यार्थ्यासाठी ‘देअर’ चालते का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात आठवीला इंग्रजी शिकवते. एका मुलीने ‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर बुक’ असे लिहिले. ‘एव्हरी’ एकवचनी म्हणून मी ‘देअर’ खोडून ‘हिज’ केले व गुण कापला. तिने विचारले, “बाई, वर्गात आम्ही मुलीच जास्त आहोत, मग ‘हिज’ कसे?” त्यातच, पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा सांगतो की त्याच्या एका परदेशी सहकाऱ्याने स्वतःसाठी ‘ही’ किंवा ‘शी’ न वापरता ‘दे’ वापरावे, असे ईमेलखाली लिहिले आहे. एका माणसाला ‘दे’ म्हणणे व्याकरणात बसते का?
— एक शिक्षिका, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तो गुण त्या मुलीला परत द्यावा, असे मला मनापासून वाटते. तिचे वाक्य बरोबर आहे आणि तिचा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. जी व्यक्ती नेमकी कोण हे ठरलेले नाही, तिच्यासाठी ‘दे’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. शेक्सपिअर आणि जेन ऑस्टेन यांच्याही लेखनात ती सापडते. तिला चूक ठरवले ते अठराव्या शतकापासूनच्या व्याकरणकारांनी. लिंडली मरे यांचे १७९५चे व्याकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांत शिकवले गेले आणि तुम्ही-आम्ही पाठ केलेला ‘हिज’चा नियम त्याच परंपरेतला आहे. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही आल्या असे मानण्याची तरतूद ब्रिटिश संसदेने १८५०मध्ये कायद्यांच्या भाषेसाठी केली, आणि आपल्या १८९७च्या सामान्य परिभाषा कायद्यातही ती आहे. कायद्यापुरती ती सोय समजू शकते, पण वर्गातल्या मुलीला त्या ‘हिज’मध्ये आपण दिसत नाही, हे तिचे म्हणणे खरेच आहे.

एकासाठी अनेकवचन आपल्याला परके नाही. “गुरुजी आले” म्हणताना गुरुजी एकच असतात. दार वाजले की आपण “कोण आलं?” असे विचारतो, कारण बाहेर पुरुष आहे की बाई हे कळण्याआधी मराठी नपुंसकलिंगाचा आधार घेते, इंग्रजी तिथे ‘दे’चा घेते. इंग्रजीतला ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच होता, आणि एका माणसाला ‘यू आर’ म्हणताना आज कोणी अडखळत नाही. त्याच न्यायाने व्यक्ती एक असली तरी ‘दे आर’ म्हणावे, ‘दे इज’ नव्हे.

भाच्याच्या सहकाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे व्यक्ती माहीत आहे, नाव माहीत आहे. पण स्वतःला पुरुष किंवा स्त्री या दोन्हींत न बसवणारी व्यक्ती ‘दे’ची विनंती करते. हा वापर मात्र नवा आहे. मेरिअम-वेब्स्टर शब्दकोशाने तो अर्थ २०१९मध्ये नोंदवला आणि ‘दे’ला त्या वर्षाचा शब्द ठरवले. विनंती स्पष्ट लिहिलेली असताना ती पाळावी. चुकून ‘ही’ निघालेच, तर लगेच दुरुस्त करून पुढे बोलावे, लांबलचक माफीने समोरच्याला अवघडवू नये. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४च्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा ही केवळ परदेशातली रीत समजू नये.

अडचण येते ती मराठीत त्या व्यक्तीबद्दल बोलताना. ‘ते आले’ म्हटले की पुरुष वाटतो, ‘त्या आल्या’ म्हटले की स्त्री. मात्र ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही आदरार्थी रूपे सर्वांसाठी सारखीच आहेत. “त्यांनी कळवले आहे”, “त्यांचा निरोप आला” अशी वाक्ये भाच्याला सहज जमतील. जिथे जमणार नाहीत तिथे नाव घ्यावे, किंवा मराठीत कसे बोललेले आवडेल हे त्यांनाच विचारावे.

वर्गासाठी एक सूचना. एखादा परीक्षक अजूनही जुन्या नियमावर अडून बसेल अशी शंका असल्यास ‘ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स’ ही रचना मुलांना शिकवून ठेवा. तिच्यावर कोणाचाच आक्षेप नसतो. पण ‘देअर’ खोडून ‘हिज’ करू नका, आणि उत्तरपत्रिकेवरची ती खूण त्या मुलीसमोरच बदला.