वाचक विचारतात : तपासणीआधी रुग्णाची स्थिती

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोट तपासण्यासाठी रुग्णाला उताणं झोपवते, तरी पोट ताठच राहतं. काय चुकत असेल?

उत्तर : आधी रुग्णाचे हात बघा. बरेच जण ते डोक्याखाली घेतात; त्याने पोटाचे स्नायू ताणले जातात. हात अंगालगत हवेत. गुडघे जरा वाकवून खाली गुंडाळलेली चादर द्या. डोक्याखाली एक उशी हवीच, नाहीतर काय चाललंय ते बघायला रुग्ण मान उचलतो आणि पोट लगेच कडक होतं. लघवीला आधीच जाऊन यायला सांगा. भरलेलं मूत्राशय हाताला गाठीसारखं लागतं. पोट पूर्ण उघडं हवं, बाकी अंग झाकलेलं. थंडीने आणि संकोचानेही स्नायू आखडतात.

एवढं करूनही पोट कडकच असेल, तर ‘सैल सोडा’ म्हणत बसू नका. आत दाह असला की स्नायू आपोआप आवळतात, रुग्णाच्या हातात ते नसतं. डॉक्टरांना तसं सांगा.

उताणं झोपवणं सगळ्यांना चालत नाही. धाप लागलेल्याला डोक्याकडची बाजू उचलून साधारण 45 अंशांत टेकवा. गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. बीपी उतरतं, घाम फुटतो, गरगरतं. उजव्या कमरेखाली उशी सरकवून तिला डावीकडे कलतं ठेवा.

प्रश्न : वडिलांचं बीपी घरी मोजतो, दर वेळी आकडा वेगळा. मशीन बिघडलंय का?

उत्तर : आकडा थोडा वरखाली होणारच. मशीनवर शंका घेण्याआधी त्यांची बैठक बघा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं शांत बसू द्या, मोजताना गप्पा नकोत. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. सर्रास चुकतं ते इथे: हात मांडीवर ठेवतात. पट्टा हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला, तर आकडा सात-आठने वाढतो.

उठल्यावर त्यांना चक्कर येत असेल, तर पाच मिनिटं झोपवून मोजा. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला, तर डॉक्टरांना कळवा. उभं करताना मागे खुर्ची आणि शेजारी माणूस असू द्या.