उमेदवाराने विरोधकावर टीका करणं टाळावं का?

सरपंचपदाला उभे आहात, समोरचा दोन टर्म खुर्चीवर आहे, कार्यकर्ते म्हणतात ‘त्याची लफडी बाहेर काढा’ आणि तुम्हाला मात्र फक्त स्वतःच्या कामांवर बोलायचंय, असं तुम्ही लिहिलंय.

टीका जरूर करा. दहा वर्षांचा हिशेब विरोधी उमेदवाराने मागायचा नाही तर कुणी? फक्त कारभारावर बोला, माणसावर घसरू नका. हे सभ्यतेपोटी सांगत नाही, मतांच्या गणितापोटी सांगतोय.

१९७१ला विरोधकांनी ‘इंदिरा हटाओ’ची हाळी दिली, इंदिराबाईंनी ‘गरिबी हटाओ’ने ती परतवली आणि ३५२ जागा नेल्या. २०१९ला ‘चौकीदार चोर है’चं भाजपने ‘मैं भी चौकीदार’ केलं; जागा ३०३. निकालाला इतर कारणं होतीच, पण समोरच्याला आयती घोषणा मिळाली हे खरं. आता कुणी म्हणेल, १९८९ला बोफोर्स तोफांच्या लाचेच्या आरोपावरून राजीव गांधींनाही ‘चोर’ म्हटलं होतंच की, आणि काँग्रेस चारशेवरून १९७वर आली! बरोबर. पण तेव्हा स्वीडिश रेडिओची बातमी दोन वर्षं गाजत होती आणि आरोप करणारे व्ही. पी. सिंग राजीव गांधींच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले होते. लोकांच्या मनात संशय आधीच होता, घोषणेने त्याला वाचा फोडली.

गावात तर आणखी जपावं लागतं. विरोधकाची आत्या तुमच्या वॉर्डात, त्याचा साडू तुमच्या आळीत. त्याच्या घरातल्या भानगडी माइकवर काढल्यात की अख्खी भावकी एक होते. कालपर्यंत त्याच्याशी बांधावरून भांडणारेसुद्धा.

त्यापेक्षा कागद काढा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च झाला ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावनिहाय दिसतं. बाकीची बिलं माहिती अधिकारात मागा, पण आत्ताच, कारण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. मग कोपरा सभेत एवढंच विचारा: गटाराचं बिल निघालं, गटार कुठाय? लोक उठून बघायला जातील.

आरोपाला पुरावा नसेल तर तो कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनही जाऊ देऊ नका, मेसेज कुणाचा ते गावाला कळतंच. आणि पत्रक छापाल त्यावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाका. निनावी पत्रक वाचतात सगळे, पण ते तुमच्याच नावावर खपतं.