जुनी रेल्वे इंजिनं, विमानं, यंत्रं यांचे फोटो काढायचा छंद लावून घ्यायचा आहे. कॅमेरा कोणता घ्यावा? आणि अशा विषयात चांगला फोटो कशाला म्हणतात?

कॅमेऱ्याचं शेवटी सांगतो, त्यात फार काही नाही. 'चांगला फोटो' म्हणजे काय, यावरून मात्र माझं एका मित्राशी १९९४ पासून भांडण आहे. प्रश्न वाचला आणि ते सगळं वर आलं, म्हणून लिहायला बसलो.

मी कारंजा लाडचा. आमच्या गावावरून शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी जायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, असे तिचे दोन फाटे. रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची, ती स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून ही लाइन टाकली, आणि तिच्यावर धावणारं वाफेचं इंजिन १९२१ साली बांधलं गेलं तेही मँचेस्टरलाच. १९२३ पासून ते या रुळांवर होतं. सत्तर वर्षं. इतकी वर्षं एकाच मातीत राबलेलं यंत्र तुम्हाला आज कुठं बघायला मिळेल?

माझे मोठे मामा मूर्तिजापूरच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. १९९४ च्या जानेवारीत त्यांचा निरोप आला, की वाफेचं इंजिन आता काढणार, डिझेल येणार, पाहायचं असेल तर येऊन जा. मी तेव्हा अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तिथल्या एका छायाचित्र मंडळात जायचो. त्याच मंडळातला हा मित्र. त्याच्याकडे निकॉन होता, माझ्याकडे चुलतभावाकडून मागून आणलेला रशियन झेनिट आणि उटीच्या कारखान्यातल्या 'इंदू' फिल्मचे दोन रोल. म्हणजे ७२ फोटो, आणि त्यात चूक करायला जागा नव्हती. आम्ही दोघं रात्रीच मामांकडे जाऊन झोपलो.

पहाटे मित्र गावाबाहेर लाइनच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्याचं गणित बरोबर होतं. थंडीच्या पहाटे वाफ दाट पांढरी दिसते, उन्हाळ्यात भर दुपारी तीच वाफ नळकांड्यातून निघताच हवेत विरून जाते. त्यातून दोन्हीकडे पऱ्हाटी, मागून उगवता सूर्य. त्यानं गाडी येईपर्यंत तासभर वाट पाहिली आणि मोजून पाच फोटो काढले.

मी मात्र त्याच्या आधी मामांबरोबर शेडमध्ये गेलो. इंजिन रात्रीच पेटवलेलं होतं. (हे अनेकांना ठाऊक नसतं. वाफेच्या इंजिनाला किल्ली नसते, बॉयलर तापून वाफ धरायला कित्येक तास जातात.) मी समोर उभा राहून तोंडाचा फोटो घेणार, तेवढ्यात मामा इंजिनाखालच्या, दुरुस्तीसाठी केलेल्या खड्ड्यातून म्हणाले, "तोंडाचा फोटू तं सारेच काढतात रे. खाली ये, काम इथं होते."

मी उतरलो. वर तापलेलं लोखंड, राखेचा आणि गरम तेलाचा वास, मानेवर पाण्याचे थेंब. उजेड म्हणाल तर मामांच्या कंदिलाचा. झेनिटच्या उजेड मोजायच्या मीटरची सुई तिथं जागची हलत नव्हती. मग अंदाजानं लेन्स एफ २ वर पूर्ण उघडली, १/३० चा वेग लावला, कॅमेरा खड्ड्याच्या कठड्यावर टेकवला आणि श्वास धरून एकेक फोटो घेतला. स्प्रिंगच्या पानपट्ट्या. ब्रेकचे दांडे आणि त्यांच्या खिळी. वर येऊन कनेक्टिंग रॉडचं टोक, बॉयलरवरचे रिव्हेट, केबिनच्या छताला लावलेलं ठिगळ, वाफेच्या दाबाचा काटा, हातांनी घासून चकचकीत झालेली रेग्युलेटरची (वाफ कमी-जास्त करायची) मूठ, १९२१ ची पाटी. एका फोटोत मामांचा हात आला आहे. ते स्प्रिंगपाशी लोखंडी फूटपट्टी धरून काहीतरी मोजत होते. मी त्यांना हात काढायला सांगणार होतो, पण त्यांच्या कामात बोलायचं धाडस झालं नाही.

त्या सकाळी मी ५८ फोटो काढले. पुढं मंडळाच्या स्पर्धेत मित्राच्या धुराच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. माझे चार फोटो परत आले, आणि परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की हे सुट्या भागांचं कॅटलॉग आहे, यात छायाचित्रकार कुठं दिसत नाही. मित्रानं ते वाक्य उचललं. त्यानंतर माझा कुठलाही फोटो पाहिला की तो 'कॅटलॉग' म्हणायचा. माझ्या लग्नातही म्हणाला.

१५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन बंद झालं आणि डिझेल लागलं. माझी परीक्षा होती, मी जाऊ शकलो नाही.

मग २०१७ मध्ये पुण्याहून एका निवृत्त इंजिनिअरांचा फोन आला. ते त्या इंजिनाचं चालतं मॉडेल करत होते, एका फुटाला एक इंच या प्रमाणात. त्यांना नकाशे मिळाले नव्हते. कुणीतरी आम्हा दोघांची नावं सांगितली होती. मित्रानं त्यांना बक्षिसाचा फोटो पाठवला. त्यात इंजिन काळी सावली आहे. चाकं किती तेही मोजता येत नाही. माझ्याकडे ते गृहस्थ दोन दिवस येऊन राहिले. निगेटिव्ह काचेवर ठेवून, भिंगातून बघत वहीत आकडे उतरवत होते. रिव्हेटच्या रांगा मोजल्या, दांड्यांची जाडी काढली. सगळ्यात मोठा उपयोग झाला तो मामांच्या फूटपट्टीचा. तिच्यावरच्या इंचाच्या खुणा स्पष्ट होत्या. तिच्यावरून स्प्रिंगचं माप, स्प्रिंगवरून चाकाचं, चाकावरून पुढचं सगळं. मामा २००९ मध्ये गेले. तो फोटो तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे.

मी हे मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मॉडेल करणाऱ्याला नकाशा लागतो. नकाशा म्हणजे फोटो नव्हे." त्यावर माझं उत्तर तेच आहे, जे तुम्हालाही सांगतो. उगवत्या सूर्यापुढं धूर सोडणारं इंजिन हा सूर्याचा फोटो आहे. ते इंजिन कुठलंही असू शकतं. ज्या फोटोवरून हे इंजिन कोणतं, ते कसं चालायचं, कुठं झिजलं आणि कुणी ठिगळ लावलं हे कळतं, तो त्या इंजिनाचा फोटो. यंत्र भंगारात गेल्यावर दुसऱ्या कुणाला त्याच्याबद्दल काही समजलं पाहिजे, हीच माझी चांगल्या फोटोची कसोटी आहे. जुनं दिसावं म्हणून सेपिया रंग चढवणं मला अजिबात मान्य नाही. ते यंत्र तेव्हाही रंगीतच होतं. तो रंग नेमका कोणता होता हे सांगणारं आज कुणी नाही, ही खरी अडचण आहे.

तेव्हा सुरुवात करताना एवढं करा. प्रत्येक यंत्राच्या चारही बाजू घ्या, मागचीसुद्धा. पाटी सरळ समोरून, अक्षरं वाचता येतील अशी. एका तरी फोटोत पट्टी ठेवा. इंजिन तिरक्या कोनातून घेणार असाल तर चाकांना जोडणारा दांडा खाली आलेला असताना घ्या, म्हणजे चाकांचे आरे आणि मागचे भाग दिसतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, कारण ऊन तिरकं असलं तरच चाकांच्या मागं पोचतं. दुपारी इंजिनाचा खालचा निम्मा भाग काळोखात असतो. काळं इंजिन चौकटभर घेतलं तर कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी करा. आणि घरी आल्यावर त्याच रात्री तारीख, ठिकाण, नंबर लिहून ठेवा. माझ्या ५८ पैकी अकरा फोटो मी लिहून न ठेवल्यामुळे आज डावीकडचे की उजवीकडचे हे कळत नाही.

जागा म्हणाल तर नागपूरला मोतीबागेत अरुंद मापाच्या रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. आमच्या भागातल्या माणसानं पहिल्यांदा तिथंच जावं. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात 'खेकडा' आहे, घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन. विजेचं असूनही त्याच्या चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे आहेत, ते नीट बघा. विमानांसाठी गोव्यात बोगमाळोजवळचं नौदलाचं संग्रहालय. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन, चार पिस्टन इंजिनांचं आणि तीन शेपट्यांचं, मी दोनदा जाऊन काढलं आणि तरी चाकांच्या कप्प्याचे फोटो राहिलेच. वाफ प्रत्यक्ष बघायची तर हरियाणात रेवाडीची शेड आणि दार्जिलिंग. आणि गावातलं सोडू नका. साखर कारखान्यामागं पडलेले बॉयलर, जुन्या जिनिंगमधल्या रेच्या (कापसातून सरकी काढायची यंत्रं), गुऱ्हाळावरची इंजिनं, यांचे फोटो कुणीही काढत नाही आणि ती दर वर्षी भंगारात जातात.

कॅमेरा कुठलाही चालतो. पाट्या आणि सुटे भाग फोनवर उत्तम येतात, फक्त फार जवळून पूर्ण इंजिन घेऊ नका, पुढची बाजू फुगते. मागं सरकून घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर जुना वापरलेला कॅमेरा घ्या आणि उरलेल्या पैशांत एक चांगला टॉर्च. लांब पल्ल्याच्या लेन्सवर खर्च करू नका, ती माझ्या मित्राची वाट आहे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चालू लाइनवर, रुळांमध्ये उभं राहून फोटो काढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि जीव जातो ते वेगळंच. शेडमध्ये किंवा कारखान्यात लेखी परवानगीशिवाय जाऊ नका. मी मामांमुळे गेलो होतो, ते दिवस वेगळे होते. दुसरी गोष्ट, मित्राचा तो फोटो सुंदर आहे. पऱ्हाटीवरचं दव त्यात दिसतं. शकुंतला आता धावत नाही, आणि ती धावताना कशी दिसायची हे माझ्या ५८ फोटोंपैकी एकातही नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पुण्याचं मॉडेल जवळजवळ पूर्ण आहे. केबिनच्या डाव्या बाजूची पायरी तेवढी राहिली आहे, कारण त्या बाजूला भिंत होती आणि मला तिथून फोटो घेता आला नाही. उजवीकडची पायरी मधे कधीतरी बदललेली दिसते, म्हणून तिच्यावरून डावी करायला ते तयार नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी एप्रिल १९९४ च्या आधी मूर्तिजापूर, दारव्हा किंवा यवतमाळ स्टेशनवर काढलेला, इंजिनाची डावी बाजू दिसणारा फोटो असेल, मग तो लग्नाच्या वऱ्हाडाचा असो की सहलीचा, तर खाली कळवा. फोटो खराब असला तरी चालेल.