वाचकांचे प्रश्न : धुराड्यातलं डांबर

प्रश्न : आमच्याकडे घरीच कडक भाकरीचं काम चालतं. दोन चुली, दोन्हींना चार इंची पत्र्याचा पाइप. सांध्यांतून काळे चिकट ओघळ येतात, भिंत खराब झाली. परवा संध्याकाळी एका पाइपातून घोंघों आवाज आला, वरच्या टोकातून ठिणग्या उडाल्या आणि दहा मिनिटांनी आपोआप थांबल्या. हा काय प्रकार? सांधे सिमेंटने बुजवले तर चालेल का?
– एक भगिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : तुमच्या धुराड्याला आग लागली होती. आपोआप विझली म्हणून निभावलं असं समजू नका. पाइप आतून पाहिल्याशिवाय त्या चुलीत जाळ करू नका. पत्रा निळसर पडलाय का, कुठे वाकलाय का, सांधा उसवलाय का ते बघा. तसं काही दिसलं तर तेवढा तुकडा बदलायचाच.

जळलं ते तुमचंच जळण आहे. लाकूड कोंडून, धुमसत जळतं तेव्हा त्यातला तेलकट वायू न पेटताच धुराबरोबर वर जातो. पाइपाचा पत्रा साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली असला की हा वायू आणि लाकडातली वाफ आतल्या बाजूला थिजते. यालाच क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ती भुसभुशीत काजळी असते, मग कुरकुरीत काळ्या खपल्या होतात आणि शेवटी काचेसारखं चकाकणारं डांबर. हे डांबर पेटलं की पाइपात हजार अंशांच्या आसपास उष्णता होते.

भाकरी कडक करायला मंद आच लागते, खोट तिथेच आहे. पण मंद आच निखाऱ्यांची हवी, कोंडलेल्या लाकडाची नको. पहिली पंधरा-वीस मिनिटं बारीक फोडलेलं कोरडं जळण मोकळ्या हवेवर भडकून जाळा. लाकडाचे लालबुंद निखारे झाले की भाकऱ्या वाळवायला घ्या. निखाऱ्यातला धूर आधीच जळून गेलेला असतो, त्यामुळे पाइपात डांबर जवळपास धरत नाही. मात्र निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून खिडकी-दार उघडं राहू द्या.

जळणाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तुमच्याकडे वजनकाटा असेलच. ढीग उपसून मधल्या लाकडाचा ५०० ग्रॅमचा ढलपा काढा आणि चुलीजवळ सुरक्षित अंतरावर वाळत ठेवा. रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं आणि काटा ४०० वर आला, तर ओलावा साधारण २० टक्के होता. ३५० वर आला तर ३० टक्के, म्हणजे ते लाकूड अजून जाळायचं नाही. बाभूळ जड असते. मनगटाएवढी फोडून रचली तरी सहा महिने लागतात. अख्खा ओंडका वर्षानेही आतून ओलाच निघतो. म्हणून पावसाळ्याचं जळण उन्हाळ्याच्या आधीच फोडून ठेवायचं. खाली विटा, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं तर ओल आत कोंडते. वाळलेले दोन ढलपे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात, ओले बद्द वाजतात.

आता सांधे. ओघळ बाहेर येतात याचा अर्थ पाइप उलटे जोडलेत. वरच्या पाइपाचं निमुळतं तोंड खालच्या पाइपाच्या आत बसायला हवं, म्हणजे ओघळ आतूनच चुलीत उतरतो आणि जळतो. बसवणाऱ्याला वाटतं, धूर वर जातो म्हणून खालचा पाइप वरच्यात घालावा. तसं नाही. पाइप उलटून घ्या आणि प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारा. सिमेंट पत्र्याला धरत नाही, तापलं की तडकतं. शिवाय डांबर आतच राहणार, फक्त तुम्हाला दिसायचं बंद होईल.

सफाईसाठी चूल एक दिवस पूर्ण थंड ठेवा. चुलीच्या तोंडाला ओलं पोतं लावा, स्वतःच्या नाकाला मास्क, डोळ्यांना गॉगल. पाइपाच्याच मापाचा तारेचा ब्रश लांब दांड्याला लावून वरून खाली फिरवा. खरड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. तुमच्यासारखं रोजचं काम असेल तर महिन्याला एकदा टॉर्च आणि आरसा घेऊन आत बघा. थर ३ मिलिमीटर जाड दिसला की त्याच दिवशी सफाई. चकाकणाऱ्या डांबरावरून ब्रश नुसता घसरतो. तिथे खरवडत बसण्यापेक्षा तो पाइप बदलणं स्वस्त पडतं.

प्रश्न : आमचं जुनं माळवदाचं घर आहे. न्हाणीतल्या चुलीचं धुराडं माळवदातूनच वर काढायचं आहे. वर कडबा आणि तुराट्या ठेवतो.
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : कडबा आणि तुराट्या आधी खाली उतरवा. धुराड्याची एक ठिणगी त्यांना पुरते.

माळवदात माती दिसते, पण खाली तुळया, फळ्या आणि काटक्याच असतात. एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड ४५ सेंटिमीटर लांब हवं. पाइपाभोवती माती थापली की काम झालं असं अनेकांना वाटतं, पण माती तापते आणि ती ऊब लाकडाला देत राहते. वर्षानुवर्षं भाजलेलं लाकूड कोळशासारखं होतं आणि कमी उष्णतेलाही पेटतं. एवढी मोकळी जागा सोडता येत नसेल तर जाड दगडी भिंतीतून पाइप बाहेर काढा. भिंतीत लाकडी आडणी नाही याची आधी खात्री करा. बाहेरचा पाइप थंड राहतो आणि डांबर लवकर धरतो, म्हणून त्याला रॉकवूल (उष्णता धरून ठेवणारी, न जळणारी दगडी लोकर) गुंडाळून वर पत्र्याचं आवरण द्या. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. टोक माळवदाच्या वर निदान तीन फूट आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही भिंतीपेक्षा दोन फूट उंच ठेवा. टोपीला जाळी लावाल तर ती बुजते. तीही पाहत जा.

जुन्या धुराड्याला सिमेंटचा पाइप असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू) असू शकतं. तो कोरडा खरवडू नका. आत आग लागली तर तो फुटून तुकडे उडतात.

प्रश्न : जाळावर मीठ टाकलं की धुराडं साफ होतं, हे खरं का? आग लागलीच तर पाणी ओतायचं का?
– एक वाचक, बाळे

उत्तर : मिठाने डांबर जात नाही, पाइप मात्र गंजतो. रॉकेल टाकून धुराडं ‘जाळून काढणं’ तर मुद्दाम आग लावणंच आहे.

आग लागली की आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. मग जवळ जाणं शक्य असेल तरच चुलीवर राख किंवा वाळू टाकून तोंडावर पत्रा झाका. खालची हवा तुटली की आग बसते. यासाठी चुलीच्या तोंडाच्या मापाचा पत्रा कायम हाताशी असू द्या. तापलेल्या पाइपात किंवा पाइपावर पाणी अजिबात टाकू नका. क्षणात वाफ होऊन ती अंगावर येते आणि पाइप फाटतो. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या छपरावर, तेही लांबून.