आत्याला विचारलंत का?

प्रश्न : माझे वडील ४६व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. मोठे काका त्याच आजाराने ५२व्या वर्षी. मी ३८ वर्षांची आहे, भाऊ ३४चा. आम्ही तपासणी करून घ्यावी का? आई म्हणते, दोघे भाऊ एका ताटात जेवले, एकच तंबाखू चघळली, त्यातून झालं असेल. आत्यालाही ४८व्या वर्षी पिशवीचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशननंतर ती बरी आहे. पण तो अवयव वेगळा आणि ती दिल्या घरची. आजी पोटात गोळा होऊन गेली एवढंच ऐकलंय. चुलतबहिणीला स्थळं बघताहेत, म्हणून काकूंनी हा विषय काढायचाच नाही असं बजावलंय.
एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही ‘पण’ लावून बाजूला ठेवलीत. आत्याची.

मी चोवीस वर्षं पुण्यात जनुकीय समुपदेशन करते. कुटुंब समोर बसलं की आधी कोरा कागद घेते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार झाला असेल तर आतून काळं भरायचं, माणूस गेलं असेल तर तिरकी रेघ. तुमचं पत्र वाचता वाचता हात चालूच झाला : दोन काळे चौकोन, शेजारी एक काळं वर्तुळ, आणि वर आजीच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह. हे चित्र मी ओळखते.

आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात अकरा पिढ्यांचे पुरुष आहेत. कोण कुठल्या गावी गेला, कुणाला इनाम मिळालं, सगळं आहे. मुलींच्या नावापुढे सासरचं आडनाव येतं आणि रेघ तिथेच थांबते. लग्नात गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, जनुकं बदलत नाहीत. तुमच्या आजी-आजोबांकडून जे वडिलांना आणि काकांना मिळू शकत होतं, ते आत्यालाही तितकंच मिळू शकत होतं.

आणि अवयव वेगळा म्हणून आजार वेगळा, असं इथे म्हणता येत नाही. ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितली ती कपडे शिवणाऱ्या एका बाईने. १८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला ती म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिनने तिचं बोलणं मनावर घेतलं, घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती बाई खरोखरच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. पुढे अमेरिकेतल्याच ओमाहाचे डॉक्टर हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशी आणखी दोन घराणी मांडली. पुष्कळांना ते पटलं नाही. एका घरात राहणाऱ्यांचं खाणंपिणं एकच असतं, हाच आक्षेप, जो आज तुमच्या आईंचा आहे. १९९३ मध्ये एमएसएच२ हे जनुक सापडलं, आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वंशजांमध्येही पुढे याच जनुकातला बिघाड निघाला. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. मला दर वेळी वाटतं, त्या बाईचंही नाव त्याला असायला हवं होतं.

बिघाड नेमका काय? पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि त्या दुरुस्त करायला पेशीत मुद्रितशोधक असतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्यांची जनुकं. यातल्या एकाची एक प्रत जन्मतःच खराब असेल आणि दुसरी पुढे एखाद्या पेशीत बिघडली, तर त्या पेशीतल्या चुका साचत जातात. आतड्याचं आणि गर्भाशयाचं अस्तर यात सगळ्यात जास्त सापडतं. खराब प्रत मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलीकडे जाण्याचीही निम्मी. मोठ्या आतड्याच्या शंभर रुग्णांत साधारण तिघांमागे हे कारण असतं.

तुमच्या घरात हेच आहे असं मी पत्रावरून सांगणार नाही. पण संशय घ्यायला आधार पक्का आहे. जवळच्या नात्यातले तिघं, सलग दोन पिढ्या, एक जण तरी पन्नाशीच्या आत, असा एक जुना ठोकताळा आहे आणि १९९९ पासून त्यात गर्भाशयाचा कॅन्सरही धरतात. तुमच्याकडे तिघं आहेत, पन्नाशीच्या आतले दोन आहेत. अडतं ते दुसऱ्या पिढीपाशी, म्हणजे आजीच्या गोळ्यापाशी. तिचं अंगावरून फार जात होतं का, शौचातून रक्त पडत होतं का, वय काय होतं, हे आत्याला किंवा गावाकडच्या एखाद्या वयस्क बाईलाच ठाऊक असेल. पुरुषांना विचारून फारसं हाती लागत नाही, हा माझा अनुभव आहे. आजीचं काही कळलं नाही तरी थांबू नका. पन्नाशीच्या आतला कॅन्सर एवढंच कारण तपासणीला पुरतं.

आता क्रम नीट लक्षात घ्या. पहिली रक्ततपासणी तुमची नाही, भावाचीही नाही. आत्याची. ज्या माणसाला आजार झाला त्याच्यातच बिघाड शोधायचा असतो. तिच्यात नेमका सापडला, तर तुम्हा सगळ्या भावंडांत तेवढी एकच जागा बघायची, आणि ती नीट निघाली तर तुमचा धोका चारचौघांइतकाच. उलट आधी तुमची तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर तुम्ही सुटलात की बिघाड दुसरीकडेच आहे, हे कुणाला सांगता येणार नाही. मुंबई जवळ पडत असेल तर टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

आणि वडिलांचा ब्लॉक मागा. ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तो असू शकतो. काडेपेटीहून लहान, जाळीदार प्लॅस्टिकवर बसवलेला मेणाचा तुकडा असतो. मेणात नखाएवढा करडा डाग दिसतो, ती गाठ. कडेला नंबर लिहिलेला असतो, तोच बायोप्सीच्या रिपोर्टवर सापडेल. त्याचे पातळ काप काढून त्या चार जनुकांची प्रथिनं रंगवून बघतात. एखादं रंगलंच नाही तर बोट कुठे ठेवायचं ते कळतं. माझे मामा १९९६ मध्ये याच आजाराने गेले. आम्हाला हे सुचेपर्यंत अकरा वर्षं गेली होती आणि रुग्णालयाने जागा नाही म्हणून जुने ब्लॉक टाकून दिले होते. माझी मामेभावंडं आजही नक्की काही माहीत नसताना तपासण्या करत राहतात. म्हणून सांगते, या महिन्यातच जा.

काकूंचं काळीज मला कळतं. पण चुलतबहिणीचे वडील यातच गेलेत, तिच्यापासून हे लपवणं म्हणजे तिचंच औषध लपवणं. फिनलंडमध्ये अशा २२ घराण्यांतल्या २५२ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्या १३३ जणांनी दर तीन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेतली, त्यांच्यापैकी ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला आणि त्याने एकही दगावलं नाही. ज्या ११९ जणांनी करून घेतली नाही, त्यांच्यात १९ जणांना झाला आणि ९ गेले. आता तर धोका जास्त असलेल्यांना विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी हीच दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, सुचवतात. कोवळी गाठ दिसली की तिथेच काढून टाकतात. आधी मुलीला सांगा. स्थळाकडच्यांना काय आणि कधी सांगायचं, ते तिला ठरवू द्या.

आत्याकडे जाताना रिकाम्या हाताने, फक्त रक्त मागायला जाऊ नका. तिच्यासाठीही हे आहे : बिघाड निघाला तर तिच्या आतड्याची तपासणी व्हायला हवी, आणि तिच्या मुलांचीही.

प्रश्न : माझा मेहुणा न्यू जर्सीत असतो. ४५ पूर्ण होताच त्याला डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. आमच्या बार्शीत ४५च्या धडधाकट माणसाला असं कुणी सांगत नाही. रक्त तर एकच, मग नियम वेगळा का?
एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या गावाला याबद्दल विचारायचा हक्कच आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आपल्या खेड्यांत अमेरिकेच्या मानाने फारच कमी आढळतो. तिथे तो इतका आहे आणि तरुणांत इतका वाढतोय, की २०२१ मध्ये सरसकट तपासणीचं वय ५०वरून ४५वर आणलं. आपल्या सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढंच आहे.

रक्त एक असूनही असं होतं. हवाईत स्थायिक झालेल्या जपानी लोकांची जनुकं बोटीतून तीच गेली, पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण नव्या मुलखाच्या वळणावर गेलं. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००० मध्ये आला. त्यात या कॅन्सरच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकातला सुमारे ३५ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. म्हणजे मोठा वाटा इतर गोष्टींचा. मेहुण्याने तपासणी करून घ्यावी. तुम्हाला लक्षणं नसतील आणि जवळच्या नात्यात कुणाला झालेला नसेल, तर घाई नाही.

प्रश्न : मुलाने (वय २९) थुंकीची नळी कुरिअरने पाठवून जनुकीय रिपोर्ट मागवला. आतड्याचा कॅन्सर आणि मधुमेह, दोन्हींचा धोका ‘कमी’ आलाय. तीन आठवडे शौचातून रक्त जातंय, तर म्हणतो मूळव्याध आहे, रिपोर्ट चांगला आहे.
एक आई, नाशिक

उत्तर : धोक्याचे असे अंदाज बहुधा शेकडो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून देतात. आतड्याच्या कॅन्सरचे असे दोनशेवर फरक २०२३ पर्यंत सापडले, तेही एक लाखाहून जास्त रुग्ण तपासून. पण ते रुग्ण युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते. तिथलं माप आपल्याला जसंच्या तसं बसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मधुमेहाचा धोका मोजताना हा फरक केवढा, ते तुम्हीच बघा.

आणि रिपोर्ट कितीही चांगला असला तरी वाहणाऱ्या रक्ताचं कारण तो सांगत नाही. मूळव्याधच असेलही, पण ते तपासल्याशिवाय ठरवायचं नाही. या आठवड्यात त्याला सर्जनकडे न्या. तो एकटा जाणार नाही, तुम्ही बरोबर जा, आणि तुमच्या माहेरी-सासरी कुणाला आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला होता का ते कागदावर लिहून न्या.