टेस्टोस्टेरॉन तर प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतंच. मग बेसबॉल खेळाडूने ते बाहेरून घेतलं हे चाचणीत कसं कळतं?

नुसतं टेस्टोस्टेरॉन सापडलं म्हणून मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेत कुणावर बंदी येत नाही. प्रयोगशाळा लघवीत आणखी एक द्रव्य मोजते, एपिटेस्टोस्टेरॉन. तेही शरीरातच बनतं, पण त्याने ताकद वाढत नाही. बहुतेक पुरुषांत दोघांचं प्रमाण 1:1 च्या आसपास असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पहिलं वाढतं, दुसरं वाढत नाही. प्रमाण 4:1 च्या वर गेलं की नमुना संशयित ठरतो.

पण फक्त संशयितच, कारण हे प्रमाण दोन्ही बाजूंनी फसवतं. काही निरोगी पुरुषांचं ते मुळातच 4 च्या वर असतं. उलट, यूजीटी2बी17 हे जनुक ज्यांच्यात नसतं त्यांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन इतकं कमी उतरतं की इंजेक्शन घेऊनही आकडा मर्यादेत राहू शकतो. 2003 मध्ये उघडकीला आलेल्या बाल्को प्रकरणातल्या (बाल्को ही खेळाडूंना उत्तेजकं पुरवणारी अमेरिकी कंपनी) 'द क्रीम' या मलमात तर दोन्ही द्रव्यं मुद्दाम एकत्र घातलेली होती, म्हणजे प्रमाण बिघडायलाच नको.

पक्का पुरावा मिळतो तो कार्बनमधून. औषधी टेस्टोस्टेरॉन प्रामुख्याने सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या स्टेरॉलपासून बनवतात. सोयाबीन, गहू, भात यांत कार्बन-13 हा जड समस्थानिक, म्हणजे कार्बनचाच किंचित जड प्रकार, कमी असतो. मका, ऊस, ज्वारी, बाजरी यांत जास्त. माणूस दोन्ही प्रकारचं खातो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या संप्रेरकांतला कार्बन या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. अमेरिकेत तर मांसही मक्यावर पोसलेल्या जनावरांचं, म्हणून तिथे फरक ठळक दिसतो.

इथे शंका येईल की रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्याचा आकडा भात खाणाऱ्यापेक्षा वेगळा येणार. येतोच. म्हणून तुलना दुसऱ्या माणसाशी न करता त्याच नमुन्यातल्या प्रेग्नेनडायॉल या दुसऱ्या द्रव्याशी करतात. तेही त्याच्याच शरीराने त्याच आहारातून बनवलेलं असतं, पण टेस्टोस्टेरॉन टोचल्याने त्यातला कार्बन बदलत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या विघटनातून आलेली द्रव्यं आणि प्रेग्नेनडायॉल यांच्या कार्बन-13 च्या प्रमाणात हजारी सुमारे 3 पेक्षा जास्त फरक निघाला, तर ते टेस्टोस्टेरॉन बाहेरचं. ही चाचणी महागडी आणि वेळखाऊ आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2014 च्या करारापासून प्रत्येक खेळाडूच्या किमान एका नमुन्यावर ती करायचं ठरलं. बेसबॉलने उचललेलं हे सगळ्यात शहाणपणाचं पाऊल, असं माझं ठाम मत आहे.

रसायनशास्त्र बिनचूक असूनही प्रकरण कोसळू शकतं. ऑक्टोबर 2011 मध्ये मिलवॉकी ब्रूअर्स या संघाच्या रायन ब्रॉनचा नमुना गोळा करणाऱ्याने तो त्याच दिवशी कुरियरने पाठवला नाही, सुमारे 44 तास स्वतःच्या घरी ठेवला. बातम्यांनुसार प्रमाण 20:1 च्या वर होतं. तरीही फेब्रुवारी 2012 मध्ये लवादाने 50 सामन्यांची बंदी रद्द केली. नमुना हाताळण्याचे नियम पाळले गेले नव्हते, एवढ्याच कारणावर.

पुढे 2013 मध्ये त्याच ब्रॉनने 65 सामन्यांची बंदी स्वीकारली, ती खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस क्लिनिकच्या कागदपत्रांमुळे. त्या प्रकरणात शिक्षा झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत पुरावा होता तो नोंदवह्या आणि संदेशांचा. थोड्या मात्रेतलं, झटकन शोषलं जाणारं टेस्टोस्टेरॉन काही तासांतच ओसरतं. नमुना नेमक्या वेळी घेतला नाही तर कार्बनची चाचणीही काही दाखवत नाही. म्हणूनच आता प्रत्येक खेळाडूच्या जुन्या आकड्यांची नोंद ठेवतात आणि त्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा अचानक बदल दिसला की नमुना पुन्हा तपासतात.

ही सगळी कसरत शरीरात मुळात असणाऱ्या द्रव्यांसाठीच. स्टॅनोझोलॉल किंवा क्लोस्टेबॉल ही कृत्रिम स्टेरॉइडं शरीर बनवतच नाही, त्यामुळे तिथे प्रमाण बघावं लागत नाही. 2022 मध्ये सॅन डिएगो पाद्रेस संघाच्या फर्नांडो टाटिस ज्युनियरने क्लोस्टेबॉल गजकर्णाच्या औषधातून आलं असं सांगितलं, तरी 80 सामन्यांची बंदी त्याला भोगावीच लागली.