राजीनामा कुणाच्या हातात द्यायचा?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली. नऊ वर्षांपासून जळगावच्या एका सीनियर एजंटच्या ऑफिसमधून आयुर्विम्याचं काम करते. एजंटचा कोड, म्हणजे कंपनीने दिलेला नंबर, माझ्या नावावर आहे, पण मी एजंटची परीक्षा पास होईपर्यंतच्या साठेक पॉलिसी त्यांच्या पत्नीच्या कोडवर गेल्या. आता मला दुसऱ्या कंपनीत जायचंय. सगळी माणसं मी सोबत नेईन. हे सीनियर, म्हणजे दादा, म्हणतात, 'स्टॅम्प पेपरवर सही केली आहेस. दोन वर्षं जिल्ह्यात विम्याचं काम केलंस तर तीन लाख भरावे लागतील.' माझे दोन कोरे चेकही त्यांच्याकडे आहेत. जुन्या पॉलिसींच्या पुढच्या हप्त्यांवरचं रिन्यूअल कमिशन बुडेल का? राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, राजीनामा जरूर द्या. पण आज नको, आणि दादांच्या हातात तर मुळीच नको.

तुमचं नियुक्तिपत्र कपाटातून काढा आणि खाली सही कुणाची आहे ते बघा. कंपनीच्या अधिकाऱ्याची असेल. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या कमिशनचा टीडीएस कुणी कापलाय, तेही बघा. तिथेही कंपनीच दिसेल. म्हणजे कायद्याने तुम्ही कंपनीच्या एजंट आहात, दादांच्या नाही. प्रिन्सिपल एजंट, चीफ एजंट असे मधले थर ठेवून धंदा करायला २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कंपन्यांना बंदी घातली आहे. दादांनी तुम्हाला हाताला धरून काम शिकवलं असेल, तर ते उपकार जन्मभर माना. पण तुम्हाला मोकळं करण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

म्हणून राजीनामा, नियुक्तिपत्र आणि ओळखपत्र कंपनीच्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. २०१६ च्या एजंट नियुक्तीच्या विनियमांनुसार कंपनीने पंधरा दिवसांत एजन्सी संपल्याचा दाखला द्यायचा असतो. नवी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेते ती त्या दाखल्याच्या तारखेपासून नव्वद दिवस उलटल्यावर. बायाबापड्या इथेच अडकतात. राजीनामा सीनियरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो, दाखला निघत नाही आणि नव्वद दिवस सुरूच होत नाहीत.

हे साडेतीन महिने नवं काम शून्य, हे आधीच धरून चाला. मार्च एंडिंगचं काम हातचं घालवू नका. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास राजीनामा दिलात, तर पोळ्याच्या आसपास नव्या कंपनीत अर्ज करता येईल आणि कापसाचा पैसा गावात येईल तेव्हा तुमचा नवा कोड हातात असेल. मधल्या काळात 'तोवर मिस्टरांच्या नावाने कोड काढू आणि काम मी करीन' असं कुणी सुचवेल. ऐकू नका. नियुक्ती नसताना विमा विकणं दंडाला पात्र आहे.

रिन्यूअल कमिशनचं उत्तर तुमच्या नियुक्तीच्या अटींत आणि कंपनीच्या कमिशन धोरणात आहे. एजंटने किती वर्षं काम केलं, यावर ते अनेकदा ठरतं. तुमचं नववं वर्ष संपत आलंय. दहा वर्षांची अट निघाली, तर थोडं थांबणं फायद्याचं. राजीनाम्याचा विषय न काढता हे शाखेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

त्या साठ पॉलिसींबद्दल मला कटू बोलावं लागतंय. घरोघरी तुम्ही फिरलात, हे मला पटतं. पण तेव्हा तुमची नियुक्तीच नव्हती, त्यामुळे त्या कमिशनवर कायद्याने तुमचा हक्क उभा राहणं अवघड आहे. त्यासाठी कोर्टाची पायरी चढू नका.

आता स्टॅम्प पेपर. करार संपल्यावर माणसाला त्याचा धंदा करू न देणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल असते. क्रिकेटपटू झहीर खान यांना करार संपल्यावरही बांधून ठेवू पाहणारी अट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाखाली मोडीत काढली. अटच टिकत नसेल, तर तिच्यावर बेतलेले तीन लाख कुठून टिकणार? स्टॅम्प पेपरला भिऊ नका.

चेकबाबत मात्र सावध राहा. सही केलेला कोरा चेक कुणी भरून बँकेत टाकला, तर तो देण्यापोटीच दिला होता असं कायदा आधी धरून चालतो. तसं नव्हतं, हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून चेकचे नंबर घालून आजच दादांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : माझ्याकडे तुमचं काही देणं नाही, चेक परत करा. बँकेलाही कळवा. उद्या चेक बाउन्स झाल्याची नोटीस आलीच, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर द्या. नोटीस घेतलीच नाही म्हणून प्रकरण टळत नाही.

आणि तुमचे ग्राहक. माझी सगळ्यात कळकळीची विनंती इथे आहे. 'सगळी माणसं मी सोबत नेईन' असं तुम्ही लिहिलंय. माणसं न्या, त्यांच्या चालू पॉलिसी मोडून नेऊ नका. चालू पॉलिसी बंद करायला लावून तीन वर्षांच्या आत त्याच माणसाला नवी विकणं एजंटच्या आचारसंहितेत बसत नाही. पण नियमापेक्षा त्या घराचा विचार करा. चार वर्षं हप्ते भरलेला केळीवाला शेतकरी पॉलिसी सरेंडर करतो, पैसे कमी मिळतात, वाढलेल्या वयाचा हप्ता लागतो. शिवाय जुन्या पॉलिसीची तीन वर्षं उलटलेली असल्याने विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नव्हती. नव्या पॉलिसीत ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मधेच काही घडलं आणि क्लेम अडला, तर त्याची बायको तुमच्या दारात येईल.

ऑफिसच्या कॉम्प्युटरमधली यादी उतरवून घेऊ नका. ग्राहकांच्या आधारच्या झेरॉक्स आणि मेडिकल रिपोर्ट यादी करून, सही घेऊन शाखेत परत करा. रोख घेतलेला हप्ता कमिशन न कापता चोवीस तासांत कंपनीत जमा करायचा असतो. एकही पावती बाकी असेल, तर राजीनाम्याआधी ती निकाली काढा, कारण तक्रार करायला पहिलं निमित्त तेच मिळतं.

दादांनी त्रास दिलाच, तर चोपडा कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना नियुक्तिपत्र, चेकबुकचं अर्धुक आणि शाखेचा शिक्का असलेली प्रत सोबत न्या.